एक ओळ मोकळी होती

परवा उमरखेडहून पुसदला येत होतो. एसटीच्या खिडकीतून बाभळीला कापूस लागलेला दिसला. बाभळीला कापूस येत नाही हे मलाही कळतं. कापसानं फुगलेल्या गाड्या अरुंद रस्त्यानं जातात, काटे त्यांचं पोट ओरबाडतात आणि आपल्यापुरता चिमूटभर ठेवून घेतात. पुढं एका शेताच्या धुऱ्यावर दोघी-तिघी बाया वाकून दहीभात ठेवत होत्या. पहिल्या वेचणीची पूजा, सीतादही. शेजारी बसलेले म्हातारबुवा म्हणाले, "लागली वाटते वेचणी." मी "हो" म्हटलं आणि खिडकी लावून घेतली. वारा नव्हता, धूळ नव्हती, बाहेर चांगलं कोवळं ऊन होतं. म्हातारबुवांनी माझ्याकडं जरा चमकून पाहिलं.

हंगामाची आठवण निघाली की लोकांना काय काय आठवतं! बोरं आठवतात, हुरडा आठवतो, ओटीत कापूस भरून घरी येणारी आई आठवते. मला एक गुलाबी गोल आठवतो. संगणकाच्या पडद्यावरचा. त्याला एका बाजूनं निळी चिरी, बाकी सगळा गुलाबी. निळं म्हणजे भरलेली जागा, गुलाबी म्हणजे मोकळी. इतकी वर्षं झाली, तो गोल माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही, आणि वेचणी लागली की तो जास्तच गुलाबी होतो.

कापसाचे ते वाईट दिवस होते. आमच्या जिल्ह्याचं नाव तेव्हा बाहेरच्या लोकांना पाठ झालं होतं, आणि ते कशासाठी, हे सांगायची आम्हाला लाज वाटायची. चहाच्या टपरीवर कोणी "काय म्हणते कापूस?" असं विचारलं तर समोरचा नुसता कप खाली ठेवायचा. मी पुसदला संगणकाचा कोर्स केला होता आणि हंगामापुरती नोकरी धरली होती. ढाणकीपासून थोडं पुढं, एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात कापूस खरेदीचं केंद्र उघडलं होतं. तिथं मी ऑपरेटर. टिनाची खोली, गजाची खिडकी, एक मशीन, एक प्रिंटर. हवेत सारखा कापूस. चहावर तंतू तरंगायचे, मशीनचा पंखा तंतूंनी गुदमरायचा, संध्याकाळी नाक शिंकरलं तर रुमालात रुई. सरकीचा तो तेलकट, जड वास अंगाला असा चिकटायचा की दोनदा साबण लावला तरी आई म्हणायची, "आला माह्या कापूस."

काम सोपं होतं. गाडीचा नंबर आला की नाव विचारायचं, त्याच नावाची, इंग्रजी अक्षरांत, एक छोटी फाइल करायची, ती पेनड्राइव्हवर ठेवायची, मग पावती छापायची. पावती असेल तर गाडी काट्यावर. नसेल तर रांगेत. संध्याकाळी पेनड्राइव्ह घेऊन माणूस पुसदला जायचा आणि सकाळी तीच, फाइलींसकट, परत आणायचा. केंद्रप्रमुख गुल्हाने साहेबांची ताकीद होती, "मशीनवर काही ठेवायचं नाही. पेनड्राइव्हमधल्या फाइली आन् पावत्या जुळल्या पाहिजे. फाइल नाही तं पावती नाही." आदल्या साली हातानं लिहिलेल्या पावत्यांत घोळ झाला होता म्हणे. माणूस वाईट नव्हता, पण वरून एक फोन आला की घामाघूम व्हायचा.

आणि मी नावं पूर्ण लिहायचो.

हे जरा सांगायला पाहिजे. माझे बाबा ग्रामपंचायतीत शिपाई होते. त्यांना शाळेत घातलं तेव्हा गुरुजींनी वर मान न करता विचारलं, "काय रे नाव?" आजोबा घाबरत म्हणाले, "किसन." गुरुजींनी लिहिलं, 'किसन्या सुदाम'. आडनाव विचारलंच नाही. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली, धर्म बदलला, भिंतीवरचे फोटो बदलले, घरातलं बोलणं बदललं. दाखल्यावरचा किसन्या मात्र तसाच राहिला. रेशनकार्डावर किसन्या, मतदारयादीत किसन्या, नोकरीच्या कागदावर किसन्या. मोठ्या आवाजात हाक पडली की साठीचा माणूस उठून उभा राहायचा. मी नोकरीला लागलो त्या सकाळी बाबांनी मला एवढंच सांगितलं, "नाव पुरं लेहत जाय. माणसाचं, बापाचं, आडनाव, गाव. आपल्या लोकायचं नाव पुरं लेहाले कोणाच्याच वहीत जागा नव्हती, बेटा. तुह्या मशीनीत तं लय जागा हाय म्हणतेत."

लय जागा होती खरी. गुलाबी गोल दाखवतच होता.

मग मी लिहीत गेलो. कोणी नुसतं "लक्षम्या लेहा न भाऊ" म्हटलं तरी सोडायचो नाही. बापाचं नाव? आडनाव? गाव? लोक हसायचे, "सोयरीक करतं का काय रे?" पण पावती हातात पडली की डोळ्यांजवळ नेऊन बघायचे. वाचता न येणारेसुद्धा बघायचे. घरी गेलो की बाबा जेवता जेवता विचारायचे, "सारे नावं पुरे लेहले ना?" मी "हो" म्हणायचो आणि ते दुसरी भाकर घ्यायचे.

मथुराबाई ही त्याच रांगेतली. जवळच्या तांड्यावरची. नवरा थावरू ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेलेला, म्हणून गाडी तिनं एकटीनं आणली होती. रांग तीन दिवसांची. बैल सोडून बाभळीला बांधले की ती माझ्या खिडकीखाली सावलीला येऊन बसायची, हातभर बांगड्या वाजवत तंबाखू चोळायची आणि गजातून आत बघत राहायची. तिची पोरगी सुनीता दुपारी भाकर घेऊन यायची. बारावी झालेली, उंच, अबोल. पुसदला नर्सिंगच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. महिनाअखेर फी भरली तर जागा तिची, नाही तर खालच्या नंबराची. मथुराबाई हे येईल त्याला सांगायची, मला तर रोज. "पांढरा डरेस घालतेत म्हणे तिकडं. कापसाचा पैसा पांढऱ्यातच जाते पहाय." आणि स्वतःच्याच बोलण्यावर खुदकन हसायची.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "हे गोल काय हाय रे बापू, भाकरीवानी?"

मी ऐटीत सांगितलं. निळं म्हणजे भरलेलं, गुलाबी म्हणजे रिकामं.

"एवढं रिकामं? मंग बरं हाय," ती म्हणाली. "तिकडं यार्डात तं साहेब रोजच म्हणते जागा नाही, जागा नाही."

यार्डात जागा नाही असं साहेब म्हणायचे हे खरं. उत्तरेकडचं टिनाचं शेड अर्धं रिकामं होतं, रांगेतल्या प्रत्येकाला ते दिसत होतं, हेही खरं. ते कोणासाठी राखलेलं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी तोंडानं म्हणत नव्हतं. असो.

तिसऱ्या दिवशी दुपारी साहेबांनी खिडकीजवळ उभं राहून सांगितलं, "आज पाच वाजेलोक ज्याची पावती निघन त्याचाच कापूस घेऊ. उद्यापासून आठ दिवस खरेदी बंद." रांगेत एकदम कालवा झाला. मी बोटं मोडेस्तोवर टाइप केलं. नाव, बाप, आडनाव, गाव. नाव, बाप, आडनाव, गाव. मथुराबाईचा नंबर आला तेव्हा पाचाला वीस मिनिटं होती. मी विचारलं, "मावशी, पुरं नाव सांग." ती म्हणाली, "मथुरी." मी म्हटलं, "असं नाही. पुरं." मग तिनं पदर सावरला, सरळ उभी राहिली आणि शाळेतल्या पोरीसारखी म्हणाली, "मथुराबाई थावरू आडे." मी त्यापुढं तांड्याचं नाव घातलं आणि बटण दाबलं.

मशीन म्हणालं, फाइल बनवता येत नाही.

पुन्हा दाबलं. नाही. पेनड्राइव्ह काढून फुंकर मारली, पुन्हा घातली. नाही. गोल उघडला. निळी चिरी तेवढीच, बाकी सगळा गुलाबी. फाइल मशीनवर ठेवली आणि साहेबांकडं धावलो. ते म्हणाले, "पेनड्राइव्हवर हाय का? नाही ना? मंग मी पुसदले काय सांगू? जुळलं नाही तं माही नोकरी जाइन." मी म्हटलं, "साहेब, जागा दिसून राह्यली, पण घेऊन नाही राह्यलं." ते म्हणाले, "दिसते तं घे ना मंग!" आणि त्यांचा फोन वाजला.

परत आलो. काय सांगायचं? म्हटलं, "मावशी, मशीनमध्ये जागा नाही."

ती गजाला धरून वाकली, पडद्याकडं बघितलं. "हे गुलाबी मंग काय हाय?"

"मोकळी जागा."

"मंग?"

मी पुन्हा एकदा बटण दाबलं. एवढंच केलं. तिच्या मागं आणखी सात-आठ गाड्या होत्या. पाच वाजले, शिपायानं फाटक ओढलं. त्या गाड्यांचे धनी मिळून शिव्या देऊन निघून गेले. मथुराबाईनं शिव्या दिल्या नाहीत. बैल जुंपता जुंपता तिनं सुनीताला म्हटलं, "आठ दिवसानं येऊ, छोरी. महिना सराले अजून बारा दिवस हाय." सुनीता गाडीवर चढली, कापसात मागं टेकून बसली आणि खिडकीकडं बघत राहिली. त्या पोरीचं ते बघणं मला अजून सहन होत नाही.

घरी बाबांनी विचारलं, "सारे नावं पुरे लेहले ना?" मी म्हटलं, "हो."

बंदच्या चौथ्या दिवशी अवकाळी पाऊस आला. माणसाला झोडपावं तसा आला. रस्त्याकडच्या बाभळींचा कापूस काळा पडून लोंबत होता. मी टिनाच्या खोलीत बसून वरचा आवाज ऐकत होतो आणि तांड्यावर गाडीवर ताडपत्री असेल का, फाटकी असेल का, एवढाच विचार करत होतो. फाटकी होती. खरेदी उघडल्यावर मथुराबाई पहिल्या नंबरावर आली. साहेबांनी मला नवी पेनड्राइव्ह दिली होती. तिचं पूर्ण नाव अलगद बसलं, पावती निघाली. काट्याजवळ ग्रेडरनं गंजीत कोपरापर्यंत हात घातला, मूठ बाहेर काढली, नाकाशी नेली आणि मान हलवली. कापूस पिवळा पडला होता, आतून गरम लागत होता. ओला माल घेत नाही. दोन दिवसांनी गावोगाव फिरणाऱ्या एका व्यापाऱ्यानं तो कवडीच्या भावात नेला. महिना सरला. नर्सिंगची जागा खालच्या नंबराच्या पोरीला गेली. हंगाम संपल्यावर मी ती नोकरी सोडली आणि परत त्या रस्त्याला गेलो नाही. भेकडपणाच तो, दुसरा शब्द नाही त्याला.

जुनी पेनड्राइव्ह साहेबांनी 'खराब झाली' म्हणून फेकून दिली होती. मी ती उचलून ठेवली होती. का, माहीत नाही.

पुढं मी शिकत गेलो. आता पुसदला माझा स्वतःचा क्लास आहे. पोरांना मी सांगतो की डिस्क आणि आपण यांच्यात एक मधला माणूस असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. आपण विचारायचं, त्यानं डिस्ककडं बघून उत्तर द्यायचं. एकूण जागा किती? मोकळी किती? त्यातली तुझ्यासारख्याला मिळण्याजोगी किती? कारण काही ठिकाणी थोडी जागा मालकासाठी राखून ठेवतात आणि बाकीच्यांना 'भरलं' असं सांगतात. हे शिकवताना मला दर वेळी उत्तरेकडचं शेड आठवतं. मग पुढचे प्रश्न. फाइली किती आहेत? आणि आणखी किती मावतील? हा प्रश्न वेगळा. जागा असते पोत्यांची, फाइली असतात नावांच्या. पोत्यांना जागा असली म्हणून नावाला असतेच असं नाही.

एका रिकाम्या दुपारी ती जुनी पेनड्राइव्ह काढली. लावली आणि विचारलं. जागा? भरपूर मोकळी. फाइली किती? ड्रायव्हरनं सांगितलं, शून्य. आणखी किती मावतील? शून्य. मी हादरलोच. सगळं पुसलं गेलं की काय? उघडून बघितलं तर सगळे जागेवर. लक्ष्मण, गंगाराम, शेख चांद, विमलबाई, सगळे आपापल्या बापासकट, गावासकट. मग वाचत वाचत समजलं. त्या जुन्या पद्धतीच्या डिस्कवर फाइलींची मोजदाद कुठं लिहिलेलीच नसते. ड्रायव्हरला विचारलं तर तो बिचारा तेवढं घर कोरं सोडतो, आणि कोऱ्या घरात शून्य दिसतं. काही नाही असा त्याचा अर्थ नसतो. कोणी मोजलं नाही, एवढाच असतो.

आणि दुसरं समजलं ते असं. त्या डिस्कच्या पहिल्या पानावर नावांची यादी असते, तिच्या ओळी ठरलेल्या असतात. पाचशे बारा. डिस्क कितीही रिकामी असो, ओळी तेवढ्याच. आखूड नावाला एक ओळ पुरते. नाव लांबलं की ते तोडून तोडून दोन, तीन, चार ओळींत बसवतात. माझं प्रत्येक नाव चार-चार ओळी खात होतं. एक फोल्डर करून आत ठेवली असती तर कितीही मावली असती. पण ते मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि मी सगळ्यांना उंबऱ्यातच उभं केलं होतं. मी यादी मोजली. पेन्सिलीनं खुणा करत दोनदा मोजली. पाचशे अकरा ओळी भरलेल्या होत्या. एक ओळ मोकळी होती.

मथुराबाई थावरू आडे, मुक्काम तांडा. चार ओळी.

मथुरी. एक ओळ.

ती पहिल्यांदा तेच म्हणाली होती. मीच म्हटलं, असं नाही, पुरं. त्या दुपारी मी क्लास बंद करून घरी गेलो. बाबा तेव्हा हयात नव्हते हे एक बरं होतं. नाही तर त्यांना काय सांगितलं असतं? की तुमचं म्हणणं खरं होतं, आणि तेच एका पोरीच्या मुळावर आलं? गुल्हाने साहेबाला, वरच्या फोनला, शेडच्या मालकाला मी पुष्कळ शिव्या दिल्या आहेत. त्यांतल्या कोणालाही मी माफ करत नाही. पण त्या एका ओळीशी यांच्यापैकी कोणाचाच संबंध नव्हता. तिथं फक्त मी होतो आणि माझा चांगुलपणा होता. चांगुलपणाचा इतका राग मला तोवर कधी आला नव्हता.

तरी हे कळूनही वर्षं गेली. गेलो नाही. परवा बसची खिडकी लावली, आणि स्वतःचीच शिसारी आली. काल सकाळी गाडी काढली आणि तांड्यावर गेलो.

मथुराबाई वावरात होती. केस पांढरे झालेले, कमरेला ओटी, बोटं मात्र तशीच चपळ; बोंडातून कापूस काढायची नि मागं न बघता ओटीत टाकायची. मला ओळखलं नाही. "खिडकीतला ऑपरेटर, गुलाबी गोलवाला," म्हटल्यावर हसली. "मशीनवाला बापू! बस ना. ऊन हाय." मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. ओळी, यादी, चार आणि एक. तिला ते कळावं म्हणून कापसाच्या ओळींवर बोट दाखवून सांगितलं. ती वेचता वेचता ऐकत होती.

मग थांबली. "मंग लहान कायले नाही लेहलं?"

मी बाबांचं सांगितलं. दाखल्यावरचा किसन्या, वहीत जागा नसणं, सगळं. तिनं मान हलवली, एकदा नाही, दोन-तीनदा. "तुह्या बापाचं खरं हाय," म्हणाली. "लय खरं हाय."

मी विचारलं, "मावशी, तेव्हा लय नुकसान झालं ना तुह्यं?"

"काही नाही," ती म्हणाली.

मला त्या शून्याची ओळख होती. वावराच्या दुसऱ्या टोकाला एक उंच बाई पाठमोरी वेचत होती, डोक्यावर शर्टाचं फडकं, पाठीमागं कापसानं फुगलेली ओटी. तिनं न वळता हाक दिली, "याडी, पाणी हाय का?" आईला याडी म्हणणारी ती कोण, हे विचारायची गरज नव्हती. मथुराबाईनं धुऱ्यावरची कळशी उचलली, दोन पावलं गेली आणि परत वळली. रागानं नाही. हिशेबानंही नाही. खरंच तिला ते कळत नव्हतं, तसं तिनं विचारलं.

"मले तं सारा तांडा मथुरीच म्हणते, बापू. तू मथुरी म्हणलं असतं, तरी मी ओ दिली असती ना?"